जँगो: गेट चालतं, पोस्टला मात्र ४०३

प्रश्न
जँगो (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) ४.२, ते चालवायला गनिकॉर्न सर्व्हर, पुढे प्रॉक्सी म्हणून एन्जिनएक्स. एचटीटीपीएस एन्जिनएक्सवरच संपतं, आत साधं एचटीटीपी. ३.२ वरून अपग्रेड केल्यापासून पानं उघडतात (गेट विनंत्या), पण लॉगिनसकट कुठलाही फॉर्म सबमिट केला (पोस्ट विनंती) की ४०३, म्हणजे परवानगी नाकारली. टेम्प्लेटमध्ये सीएसआरएफ टोकन (दुसऱ्या साइटवरून खोटा फॉर्म येऊ नये म्हणूनची खूण) आहे, कुकीही जाते. लॅपटॉपवर रनसर्व्हरने सगळं चालतं. व्ह्यूला सीएसआरएफ एक्झेम्प्ट लावून (ही तपासणी वगळून) तात्पुरतं भागेल का?

उत्तर १
एक्झेम्प्ट नको, लॉगिनला तर मुळीच नको. आधी ‘जँगो.सिक्युरिटी.सीएसआरएफ’ या लॉगरची वॉर्निंग वाचा, नेमकं कारण तिथे लिहिलेलं असतं. तुमच्या वर्णनावरून ते ‘ओरिजिन चेकिंग फेल्ड’ असावं.

विनंती एचटीटीपीएसची आहे असं जँगोला वाटलं, तरच ३.२ मध्ये रेफरर (आधीच्या पानाचा पत्ता) तपासला जायचा. तुमच्या गनिकॉर्नकडे ती साध्या एचटीटीपीने पोचते, म्हणून टोकन जुळलं की काम व्हायचं. ४.० पासून ओरिजिन हेडर (विनंती कोणत्या साइटवरून आली ते) आलं की ते तपासलं जातंच. ब्राउझर सांगतो एचटीटीपीएस, जँगोच्या हिशेबी पत्ता एचटीटीपीचा. गेटला ही तपासणीच नाही.

एन्जिनएक्समध्ये दोन प्रॉक्सी_सेट_हेडर हवेत: ‘होस्ट’ला $एचटीटीपी_होस्ट आणि ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ला $स्कीम. मग सेटिंग्जमध्ये सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर द्या, म्हणजे जँगो त्या दुसऱ्या हेडरवरून एचटीटीपीएस ओळखेल. ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ प्रॉक्सी स्वतः लिहीत असेल तरच ही सेटिंग ठेवा, नाहीतर बाहेरचा कोणीही ते खोटं पाठवू शकतो.

एक खाचखळगा: लोकेशन ब्लॉकमध्ये एक जरी प्रॉक्सी_सेट_हेडर असेल, तर वरच्या सर्व्हर ब्लॉकमधले सगळे तिथे गळतात.

उत्तर २
सीएसआरएफ_ट्रस्टेड_ओरिजिन्समध्ये (विश्वासू साइट्सची यादी) डोमेन टाकूनही ४०३ जाईल, पण जँगो विनंतीला असुरक्षितच समजत राहील. रीडायरेक्टचे पूर्ण पत्ते एचटीटीपीचे बनतील. ती यादी दुसऱ्या सबडोमेनवरून येणाऱ्या फॉर्मसाठी आहे. ४.० पासून तिथे ‘एचटीटीपीएस://’सकट लिहावं लागतं.

उत्तर ३
सगळे फॉर्म अडत नसून ठरावीक मजकुरालाच ४०३ येत असेल, तर जँगोकडे बघूच नका. पानावर ‘सीएसआरएफ व्हेरिफिकेशन फेल्ड’ नसेल आणि गनिकॉर्नच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये विनंतीच नसेल, तर ती मॉडसिक्युरिटीने (वेब फायरवॉल) अडवली असण्याची शक्यता मोठी. तिच्या ऑडिट लॉगमध्ये नियम ९४९११० दिसेल. तो फक्त इतर नियमांनी दिलेल्या संशयाच्या गुणांची बेरीज बघून अडवतो, मूळ मर्यादा ५. तो बंद केलात तर येणाऱ्या विनंत्या अडवणंच थांबतं. त्याच्या वरच्या ओळीत खरा नियम असतो, उदाहरणार्थ एसक्यूएल इंजेक्शनचा ९४२१००. सूट फक्त त्याला, आणि तीही त्या एका फील्डपुरती द्या.

प्रश्नकर्ता
लोकेशन ब्लॉकमध्ये वेबसॉकेटसाठी ‘अपग्रेड’ हेडर होतं, त्यामुळे सर्व्हर ब्लॉकमधल्या दोन्ही ओळी गळत होत्या. त्या लोकेशनमध्ये हलवल्या, ‘एन्जिनएक्स -टी’ने तपासून रीलोड केलं. लॉगिन आणि बाकीचे फॉर्म चालू झाले. ट्रस्टेड ओरिजिन्स रिकामंच ठेवलं आहे.