मदत हवी आहे: दुसरीतल्या मुलीच्या शाळेत धर्माचा तास, संमतीपत्रावर सही करू का?

नमस्कार. मी सोलापूरची. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. शाळा मराठी माध्यमाची, खासगी अनुदानित. इमारत संस्थेची, शिक्षकांचे पगार सरकारकडून. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण वर्गाच्या बाई मनापासून शिकवतात आणि मला कुणाला उघडं पाडायचं नाही. पण शनिवारपर्यंत एक कागद सही करून द्यायचा आहे, आणि तीन रात्री तो समोर घेऊन नुसती बसतेय.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिली ते चौथीला आठवड्यातून दोन ‘संस्कार’ तास सुरू झाले. त्यात स्तोत्रं पाठ करून घेतात, आरती होते, वर्गातल्या तसबिरीला मुलं फुलं वाहतात. वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा, प्रगतिपुस्तकावर शेरा. सुरू करताना कुणाला विचारलं नव्हतं. दोन पालकांनी हरकत घेतली, एक मुस्लिम, एक बौद्ध. त्यानंतर सगळ्यांकडेच संमतीपत्र आलं. त्या दोन मुलांना तासाच्या वेळी ग्रंथालयात पाठवतात. ग्रंथालयाला कुलूप असलं की ती व्हरांड्यात बसतात.

मला हे कळलं ते मुलीच्या खेळातून. ती बाहुल्या मांडून शाळा-शाळा खेळत होती. चार बाहुल्या सतरंजीवर ओळीत, आणि कापडाची एक दाराबाहेर, चपलांच्या रॅकपाशी. म्हटलं, हिला का गं बाहेर? तर म्हणाली, “ती संस्काराला बसत नाही.” थोड्या वेळाने विचारलं, “आई, तिचे अब्बू सही करायला विसरले का? आपण पण विसरलो तर मी पण बाहेर?” ती मुस्लिम मुलगी हिच्याच बाकावर बसते. डबा दोघी वाटून खातात.

आता आमच्या घराविषयी सांगते, म्हणजे मी धर्माच्या विरोधात आहे असं कुणाला वाटायला नको. आम्ही लिंगायत. सासरे कित्येक वर्षं गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या) चालले. सात नंदीध्वज आणि अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. मुलगी तीन वर्षांची असताना त्यांच्या खांद्यावर बसून तिने संमती कट्ट्यावर, यात्रेतल्या लग्नसोहळ्यात, अक्षता टाकल्या. शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी लग्न करायची इच्छा धरणारी कुंभारकन्या आणि त्यांनी स्वतःऐवजी लग्नासाठी दिलेला योगदंड, ही गोष्ट तिला तिथेच, त्या गर्दीत, आजोबांनी कानात सांगितली. “एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र” ती त्यांच्याबरोबर ओरडली. हा धर्म तिला मिळावा असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि तरीही मागच्या आठवड्यात असं झालं. सासूबाई सकाळी इष्टलिंगाची (लिंगायत अंगावर बाळगतात ते छोटं लिंग) पूजा करत होत्या, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन. ही बाजूला उभी राहून म्हणाली, “आज्जी, देव असा हातात धरायचा नसतो. देव्हाऱ्यात ठेवायचा असतो. बाईंनी सांगितलंय.” सासूबाई काही बोलल्या नाहीत. पूजा पूर्ण केली, तिच्या कपाळाला विभूती लावली आणि आत गेल्या. दिवसभर गप्पच होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, शाळेत जो ‘आपला धर्म’ शिकवतायत तो आमच्याही घरचा नाही. बाईंनी मुद्दाम असं काही सांगितलं नसणार, त्यांच्या घरी जसं करतात तसं सांगितलं असेल. पण दुसरीतल्या मुलाला दोन अधिक दोन चार आणि देव देव्हाऱ्यात ठेवायचा, यात फरक कळत नाही. दोन्ही बाईंनीच सांगितलेलं.

नवऱ्याचं म्हणणं, मोबाइल बघत बसण्यापेक्षा चार श्लोक पाठ झाले तर बिघडलं कुठे? त्यात तथ्य आहे. तिचे उच्चार खरंच सुधारलेत. ‘श’ आणि ‘ष’ वेगळे म्हणते. माझा विरोध श्लोकाला नाही, शेऱ्याला आणि व्हरांड्याला आहे.

नात्यातल्या एका वकील दादांना विचारलं. ते म्हणाले, संविधानाचं कलम २८ बघ. पूर्णपणे सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देताच येत नाही, म्हणजे महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत हा प्रश्नच नको. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत मात्र कुणालाही धर्मशिक्षणाला वा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. म्हणून हा कागद. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलंय की धर्मांविषयी माहिती देणं म्हणजे धर्मशिक्षण नव्हे, त्याला कलम २८ आड येत नाही.

कायदा समजला, पण माझा पेच तिथेच आहे. ‘नाही’ लिहिलं तर हक्क माझा, आणि बाहेर बसणार ती. केरळातल्या तीन भावंडांची गोष्ट दादांनीच सांगितली. राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गायची नाहीत, म्हणून १९८५ मध्ये शाळेतून काढलं. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मी त्या निकालापेक्षा त्या मुलांचाच विचार करत राहिले. शाळा सुटल्यावर गल्लीतली बाकीची पोरं त्यांच्याशी काय बोलली असतील?

आणि ‘हो’ लिहिलं तर बाकावरच्या त्या मैत्रिणीला बाहेर बसवण्यावर माझीही सही झाली.

म्हणून विचारते. तुमच्यापैकी कुणी अशा कागदावर काय लिहिलंत? ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे काही लिहिता येतं का? मुख्याध्यापकांशी कसं बोलावं, म्हणजे बाई दुखावणार नाहीत आणि मुलीवर राग निघणार नाही? इथे शिक्षक असतील तर त्यांनी जरूर लिहा. सातवी-आठवीत सगळ्या धर्मांची ओळख करून द्यायला माझी पूर्ण संमती आहे, द्यायलाच हवी. पण सात वर्षांच्या मुलांना वर्गात पूजा, आणि तिच्यावर शेरा, हे मला पटत नाही. माझं चुकत असेल तर तसंही सांगा.

अपडेट: ज्यांनी लिहिलंत त्या सगळ्यांचे आभार. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत त्या ताईंचा सल्ला सगळ्यात उपयोगी पडला. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात हे मला माहीत नव्हतं. अनुदानित शाळेत ती फक्त सल्ला देऊ शकते, पण विषय तिथे मांडता येतो. एकटी जाऊ नकोस म्हणालात, म्हणून पाच पालक मिळून गेलो. आमच्यात आधी हरकत घेतलेले ते दोघंही होते. संमतीपत्रावर मी ‘हो’ही लिहिलं नाही, ‘नाही’ही नाही. लिहिलं की कोणतंही मूल बाहेर बसणार नाही असा तास असेल तर माझी संमती.

मुख्याध्यापक सर चिडले नाहीत. म्हणाले, शेरा काढून टाकतो, आणि समितीच्या बैठकीपर्यंत तासाला आरती नको, फक्त गोष्टी, सगळी मुलं वर्गात. कायमचं काय ते बैठकीत ठरेल. दोन सदस्य ठाम विरोधात आहेत, त्यामुळे खात्री नाही. सर म्हणाले, पर्याय तुम्हीच लिहून आणा.

तर आता पुन्हा मदत हवी आहे. सोलापूरच्याच गोष्टी घ्याव्यात असं ठरवलंय. गड्ड्याची कुंभारकन्या आहे. पद्मशाली समाजाचा नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथ आहे. मोहरमच्या मिरवणुकीतले हाताच्या आकाराचे पंजे आहेत, त्याविषयी त्या मैत्रिणीची आई वर्गात येऊन सांगायला तयार आहे. १२ जानेवारीला स्वातंत्र्यलढ्यातल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची गोष्ट आहे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १९३१ साली येरवड्यात एकाच दिवशी फाशी गेलेले. पण दुसरीतल्या मुलांना फाशी कशी सांगायची, ते कळत नाही. बौद्ध, ख्रिस्ती आणि जैन घरांतून लहान मुलांना सांगतात अशी एकेक गोष्ट हवी आहे, पाच-सात मिनिटांची, तुमच्या घरी जशी सांगतात तशीच. गुरुवारी सरांना कागद द्यायचा आहे, बुधवारी रात्रीपर्यंत लिहिलंत तर त्यात घालता येईल.