मदत हवी आहे: मुलीसाठी पोलिश नाव, जे सांगलीतही हाक मारायला जमेल

नमस्कार मंडळी,

मी मूळची सांगलीची, नवरा पोलिश, सध्या मुक्काम क्राकूव. मे महिन्यात आमच्याकडे बाळ येणार आहे. इथे आधी सांगायला बंदी नाही, त्यामुळे मुलगी आहे हे ठाऊक आहे. नाव पोलिश ठेवायचं हे आमचं ठरलंय, कारण तिला शाळेपासून नोकरीपर्यंत इथेच वावरायचं आहे. पण माझ्या आईला ते न अडखळता म्हणता आलं पाहिजे आणि अर्थ असा हवा की पाळण्यात नाव घेताना मला बरं वाटेल. यातच गाडी अडली आहे.

आधी इथले नियम सांगते, म्हणजे सुचवताना सोपं जाईल. जास्तीत जास्त दोन नावं नोंदवता येतात. घरगुती लाडकं रूप नोंदणीला चालत नाही. 'काशा' हवी असेल तर कागदावर 'कातझिना' लिहावं लागतं. रुग्णालयाने जन्माचं पत्रक काढलं की २१ दिवसांत नोंदणी झाली पाहिजे, नाहीतर कार्यालय प्रचलित नावांतलं एखादं स्वतःच निवडतं. बाराव्या दिवशी बारसं केलं तर मुदत पाळली जाईल, पण तोवर घरात एकमत व्हायला हवं ना!

पोलिश मुलींची नावं जवळपास सगळी आकारान्त असतात आणि विभक्तीप्रमाणे बदलतात. आपल्याकडे जुनी माणसं 'सीतेला', 'राधेने' म्हणायची तसंच. हाक मारताना तर वेगळं रूपच होतं. झोफियाची लाडाने झोशा होते आणि हाक 'झोशू!' अशी येते. म्हणून गौरी, जान्हवी अशी ईकारान्त नावं इथे वाक्यात अवघडल्यासारखी उभी राहतात.

आता नावांकडे येते. सासूबाईंच्या आईचं नाव ब्रोनिस्वावा. 'ब्रोनिच' म्हणजे रक्षण करणं, 'स्वावा' म्हणजे कीर्ती. हा 'स्वावा' संस्कृतातल्या 'श्रवस्'चा भाऊबंद आहे, हे कळल्यावर मला त्या नावाबद्दल एकदम जवळीक वाटायला लागली. स्तानिस्वावा, मिरोस्वावा ही सगळी त्याच घराण्यातली जुनी स्लाव्ह नावं. अर्थ भारदस्त, पण आज लहान मुलीला कोणी ठेवत नाही. सासूबाईंचाही आग्रह नाही.

त्यांच्या मनात झोफिया आहे. स्वयंपाकघरात त्यांची रोज एक पान फाडायची दिनदर्शिका टांगलेली असते. प्रत्येक पानावर तारखेखाली त्या दिवशीच्या संतांची नावं छापलेली. पोलंडमध्ये त्या नावाच्या माणसाला त्या दिवशी शुभेच्छा देतात, आणि जुन्या पिढीत वाढदिवसापेक्षा याचंच कौतुक जास्त. सासूबाईंनी १५ मेच्या पानावर झोफिया या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. मेच्या मध्यावर इथे थंडीची एक शेवटची लाट येते, तिलाही लोक 'गारठ्याची झोश्का' म्हणतात. अर्थ ग्रीक, प्रज्ञा. नाव सुंदर आहे, पण सध्या लोकप्रिय नावांत अगदी वर, म्हणजे वर्गात दोन-तीन झोशा असणारच.

इथे नावावरून वय कळतं. ग्राझिना, हालिना, दानूता या आजीच्या पिढीतल्या. कातझिना, अग्न्येश्का, माऊगोझाता, योआन्ना आईच्या किंवा मावशीच्या वयाच्या. आणि झोफिया, हेलेना, अंतोनिना ही पणजीची नावं फिरून पाळण्यात आली आहेत. ग्राझिनाची मला हळहळ वाटते. कवी आदाम मित्स्क्येविचने १८२३ मध्ये लिथुआनियन भाषेतल्या 'सुंदर' या शब्दावरून ते घडवलं. आता मात्र ते टिंगलीचं नाव झालं आहे, मुलीला त्रास होईल.

याद्विगाही मनात होतं. १३८४ मध्ये या नावाच्या राणीला इथल्याच वावेल टेकडीवर राज्याभिषेक झाला आणि तोही 'राजा' या पदवीने. १९९७ मध्ये ती संत म्हणून जाहीर झाली. नावाच्या दोन्ही भागांचा मूळ जर्मानिक अर्थ मात्र युद्ध, युद्ध. राणी आवडते, पण अर्थ नको वाटतो. माऊगोझाता म्हणजे मोती, पण आईला ते म्हणताच येईना. वांदा हे दंतकथेतल्या राजकन्येचं नाव, पण मराठी घरात मुलीला 'वांदा' कसं म्हणायचं! अलेक्सांद्राची 'ओला' होते आणि अलित्सियाची 'आला', तीही त्याच कारणाने बाद. कालिना हे लाल फळांच्या एका झुडपाचं नाव, मला फार गोड वाटतं, पण माझी मुंबईची मामी म्हणाली, "अगं, विद्यापीठाच्या स्टॉपचं नाव?"

आणि मग योआन्ना. मूळ हिब्रू, अर्थ ईश्वराची कृपा. तिचं घरातलं रूप काय, तर 'आशा'! उच्चार अगदी आपल्यासारखा, फक्त 'श' जरा मऊ. हाक मारतात 'आशू!' फोनवर नवऱ्याने ही हाक मारून दाखवली तेव्हा आईला ती लगेच ओळखीची वाटली, कारण तिच्या धाकट्या बहिणीला घरात सगळे आशूच म्हणतात. नुसतं 'आशा' नोंदवायचं तर अडचण आहे. इंग्रजी स्पेलिंग इथले लोक 'आस्हा' वाचतील आणि पोलिश स्पेलिंग लाडकं रूप म्हणून नाकारलं जाऊ शकतं. त्यामुळे कागदावर योआन्नाच हवं. माझं मन इथेच आहे. नणंद मात्र म्हणते, हे चाळिशीच्या बाईचं नाव आहे, बाळाला कसं शोभेल?

विचारायचं आहे ते असं:

ज्यांची मुलं पोलंडमध्ये वाढत आहेत त्यांनी कृपया सांगा, मागच्या पिढीचं नाव असल्याचा शाळेत खरंच त्रास होतो का?

दुसरं नाव मराठी ठेवायचं आहे. 'ब्रोनिस्वावा'च्या अर्थाजवळ जाणारं, रक्षण किंवा कीर्ती सांगणारं आकारान्त नाव सुचतं का? पणजीची आठवण त्यात राहावी असं मनापासून वाटतं.

ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीच्या) कार्डाच्या अर्जात दोन्ही नावं कशी भरलीत? पोलिश जन्मदाखल्यावरची आडवी रेघ असलेली, मात्रा लावलेली अक्षरं तिथे कशी लिहायची? आमच्या आडनावात अशी दोन अक्षरं आहेत.

आणि कोल्हापूरकरांना खास विनंती. १९४३ ते १९४८ मध्ये वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. तुमच्या आजी-आजोबांच्या बोलण्यात त्यांतल्या मुलींची नावं कधी आली आहेत का? आपली माणसं त्यांना काय म्हणून हाक मारायची? माझं आजोळ तिथून जवळच, पण आता विचारायला घरात कोणी उरलं नाही.

भर: प्रतिसादांत माया, ऋचा, जुई, चार्वी सुचवलंत, सगळ्यांचे आभार. माया इथे चांगलंच रुळलेलं आहे, पण नवऱ्याची पुतणी मायाच आहे. बाकीच्या तिघींची अडचण स्पेलिंगची. इंग्रजी 'जे' इथे 'य' होतो आणि 'सीएच'चा 'ह', म्हणजे जुईची 'युई', ऋचाची 'रुहा' आणि चार्वीची 'हार्वी' होईल. दुसऱ्या नावासाठी सुचवतानाही ही दोन अक्षरं टाळलीत तर बरं.