शब्दचर्चा : हवामानबदलाच्या वादातला ‘स्केप्टिक’ मराठीत कोण?

धागाप्रवर्तक

मानवी व्यवहारांमुळे होणाऱ्या हवामानबदलावरचा एक अनुवादित लेख मी सध्या एका मासिकासाठी तपासत आहे. मूळ लेखात ‘स्केप्टिक’ (शंका घेणारा) आणि ‘डिनायर’ (साफ नाकारणारा) हे दोन शब्द जाणीवपूर्वक वेगळे ठेवलेले आहेत. अनुवादकाने मात्र दोन्ही ठिकाणी ‘हवामानबदलविरोधक’ असे लिहिले आहे. हा शब्द मला मुळातच चुकीचा वाटतो, कारण हवामानबदलाचा विरोधक म्हणजे हवामान बदलू नये म्हणून झटणारा माणूस, आणि लेखात अभिप्रेत असलेला माणूस नेमका त्याच्या समोरच्या बाकावर बसलेला आहे.

पर्याय शोधू लागलो तेव्हा अडचण वाढली. ‘संशयी’ म्हटले की मराठी कानाला पत्नीवर पाळत ठेवणारा नवरा आठवतो आणि ‘संशयित’ म्हटले की पोलीस ठाणे. ‘शंकेखोर’ या शब्दातल्या ‘खोर’ प्रत्ययामुळे बिचारा भांडखोर आणि चुगलखोर यांच्या पंगतीला जाऊन बसतो. ‘साशंक’ सभ्य आहे, पण तो मनाची तात्पुरती अवस्था सांगतो, भूमिका सांगत नाही. ‘नास्तिक’ हा शब्द व्युत्पत्तीने, म्हणजे ‘न अस्ति’ असे म्हणणारा या अर्थाने, ‘डिनायर’साठी चपखल बसला असता, परंतु तो धर्मविचाराने केव्हाच अडवून ठेवला आहे.

इंग्रजी वृत्तपत्रांनाही हा प्रश्न सुटलेला नाही, हे जाता जाता सांगतो. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१५ मध्ये आपल्या बातमीदारांना ‘स्केप्टिक’ आणि ‘डिनायर’ हे दोन्ही शब्द टाळण्यास सांगितले. पहिला शब्द खऱ्या चिकित्सकांचा मान नको त्यांना देतो आणि दुसऱ्याला ज्यूंच्या वंशसंहाराचा इन्कार करणाऱ्यांची दुर्गंधी चिकटलेली आहे, अशी त्यामागची कारणे होती. ‘द गार्डियन’ने २०१९ मध्ये उलट दिशेने जाऊन ‘डिनायर’ला पसंती दिली. मराठीत आपण काय करावे, याविषयी जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद १

आपण ‘स्केप्टिक’पाशी अडकलात, पण माझ्या मते गाठ त्याच्या अलीकडे, ‘हवामान’ या शब्दातच बसलेली आहे. हिंदीत रोजच्या स्थितीला ‘मौसम’ आणि दीर्घकालीन स्वरूपाला ‘जलवायु’ असे दोन शब्द रुळले आहेत. आपल्याकडे आज दुपारी गारा पडणार की नाही हेही ‘हवामान’ आणि शंभर वर्षांत कोकणाचा पाऊस कसा बदलला हेही ‘हवामान’. त्यामुळे जानेवारीत निफाडला पारा खाली गेला की कोणीतरी विचारतोच, “कुठे गेली तुमची तापमानवाढ?”, आणि हा प्रश्न इंग्रजीत जितका पोकळ ऐकू येतो तितका मराठीत येत नाही, कारण येथे भाषाच त्याच्या बाजूने साक्ष देते.

गंमत अशी की या शब्दाची घडण पाहिली तर तो दुसऱ्या अर्थाकडे अधिक झुकतो. ‘हवा’ अरबीतून आली आणि ‘मान’ संस्कृतातले, म्हणजे माप किंवा प्रमाण. पर्जन्यमान, ऋतुमान, दिनमान या शब्दांतले ‘मान’ तेच आहे. ‘या तालुक्याचे पर्जन्यमान ५० सेंटिमीटर आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा कोणी कालच्या सरीविषयी बोलत नसतो. वर्षानुवर्षांच्या मोजणीतून आलेला तो आकडा असतो. जुन्या बोलीत हा भेद पाळलाही जात असे. ‘आज हवा कुंद आहे’ ही रोजची गोष्ट. ‘तिकडचे हवापाणी मला मानवले नाही’ ही प्रदेशाची गोष्ट. ‘हवापालट’ हा सुंदर शब्द मात्र आपल्या उपयोगाचा नाही, कारण हवापालटासाठी माणूस महाबळेश्वरला जातो. महाबळेश्वरच बदलले तर त्याला ‘हवापालट’ म्हणता येत नाही.

शेतकऱ्याला हा भेद शिकवावा लागत नाही, हेही नोंदवले पाहिजे. हवामान विभाग दर एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा अंदाज सरासरीच्या टक्केवारीत देतो. ती सरासरी १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची असून देशासाठी ८७ सेंटिमीटर आहे, आणि तिच्या ९६ ते १०४ टक्क्यांमध्ये पडलेला पाऊस ‘सामान्य’ समजला जातो. यंदाचा पाऊस आणि ही सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला कळते त्याला हवामानबदल म्हणजे सरासरीच सरकणे, एवढेच सांगावे लागते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासकांनी सिद्ध केलेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले आणि १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. हे दोन्ही आकडे ‘माना’चे आहेत, एखाद्या दिवसाच्या ‘हवे’चे नाहीत.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादात वर्णन केलेल्या युक्तीला आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच नाव मिळालेले आहे: वाक्छल. न्यायशास्त्रातले, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातले, ठरलेले उदाहरण ‘नवकम्बल’ या शब्दाचे आहे. ‘याच्याकडे नव कांबळे आहे’ असे वक्ता ‘नवे’ या अर्थाने म्हणतो आणि प्रतिपक्षी ‘याच्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत?’ असे विचारून त्याला खोडून काढल्याचा आव आणतो. हवामान एका अर्थाने घेऊन दुसऱ्या अर्थाने खोडणे हा त्याचाच प्रकार आहे.

मूळ प्रश्नावरही तेथेच उत्तर सापडते, असे मला वाटते. न्यायसूत्रकार गौतमाच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचारविषयांत, ‘संशय’ तिसरा आहे, प्रमाण (ज्ञानाचे साधन) आणि प्रमेय (ज्ञानाचा विषय) यांच्या लगेच नंतरचा. म्हणजे तो दोष नाही, चौकशीचे प्रवेशद्वार आहे. त्याच्या व्याख्येतला एक शब्द फार मोलाचा आहे: ‘विशेषापेक्षः’. संशय म्हणजे विशेषाची, म्हणजे भेद ठरवणाऱ्या खुणेची, वाट पाहणारा विमर्श. तिन्हीसांजेला दूरवर काहीतरी उभे दिसते; तो खांब असेल किंवा माणूस असेल, कारण उंची दोघांना सारखीच. संशय घेणारा तेथे थांबत नाही. हात दिसतात का, ते हलतात का, हे तो पाहतो. हात दिसले की संशय फिटतो आणि ‘निर्णय’ होतो. हात दिसल्यावरही जो ‘खांबच आहे’ म्हणतो, त्याला संशयवादी म्हणता येणार नाही.

आता हे प्रस्तुत वादाला लावून पाहावे. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली तेव्हा ते सुमारे ३१५ भरले आणि आज ते ४२० च्या वर आहे. ही वाढ ज्वालामुखींमुळे झाली असेल, अशी शंका घेणे पूर्णपणे रास्त आहे. मग विशेष कोणता? वनस्पती कार्बनचे हलके समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे रूप) अधिक घेतात, आणि कोळसा व खनिज तेल प्राचीन जीवांपासून बनले असल्याने त्यांत कार्बन-१३ कमी असतो. शिवाय ते इतके जुने आहेत की त्यांतला किरणोत्सारी कार्बन-१४ संपून गेलेला असतो. हवेतील कार्बनमध्ये नेमक्या याच खुणा उमटत गेल्या असून कार्बन-१४ चे पातळ होणे हान्स स्यूस यांनी १९५५ मध्येच दाखवले होते. त्यासोबत हवेतला ऑक्सिजनही किंचित घटतो आहे, जे ज्वलनातच घडते. ज्वालामुखींचे वार्षिक उत्सर्जन तर माणसाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

दुसरी रास्त शंका सूर्याविषयी. सूर्य तापल्यामुळे पृथ्वी तापली असती, तर वातावरणाचे सगळेच थर तापले असते. कार्बन डायऑक्साइडमुळे तापली असेल, तर खालचा थर तापून वरचा स्थितांबर थंड व्हायला हवा, असे स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्येच गणिताने मांडले होते. मोजणी नंतर झाली आणि स्थितांबर थंड होत असल्याचे आढळले. त्याच्या खालच्या भागात ओझोन घटल्याचाही वाटा आहे, हे मान्य करूनच हे सांगतो. या खुणा म्हणजे संधिप्रकाशात दिसलेले हात आहेत.

‘डिनायर’साठी शास्त्रातला शब्द ‘वैतंडिक’. आज ‘वितंडवाद’ म्हणजे नुसते भांडण असा अर्थ झाला आहे, परंतु मूळ व्याख्या काटेकोर आहे: स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडणे. हेन्रिक स्वेन्समार्क यांनी वैश्विक किरण आणि ढग यांची उपपत्ती मांडली, रिचर्ड लिंडझेन यांनी २००१ मध्ये उष्ण कटिबंधातील उंच ढग कमी होऊन तापमानवाढीला वेसण बसेल असे सुचवले. पुढील पुराव्यांनी त्या उपपत्तींना फारसा आधार दिला नाही, तरी ही प्रतिपक्षाची स्थापना होती आणि तिला ‘वाद’ म्हणणे योग्य आहे. आज सूर्य, उद्या ज्वालामुखी, परवा ‘तापमान वाढलेच नाही’, असे एकमेकांना छेद देणारे मुद्दे एकाच मुखातून येतात, तेव्हा मात्र त्याला वितंडाच म्हणावे लागते.

प्रतिसाद ३

मी या विषयात स्वतःला साशंक समजतो आणि वरील विद्वत्तापूर्ण प्रतिसादात मला आधीच खांबापाशी उभे केलेले दिसते. माझी नोकरी मोजमापाच्या उपकरणांत गेली. तापमापक कोठे ठेवला यावर आकडा किती बदलतो, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पूर्वी माळावर असलेली वेधशाळा आज सिमेंटच्या इमारतींनी वेढलेली असेल, तर तिथला वाढलेला पारा हा पृथ्वीचा ताप की शहराचा, हा प्रश्न मला पडतो. दुसरे, ‘९७ टक्के शास्त्रज्ञांचे एकमत’ हे वाक्य मला खटकते. एकमत ग्रामपंचायतीत होते. विज्ञान मतदानाने चालत नाही, हे आपणच शाळेत शिकवतो.

प्रतिसाद २ (पुन्हा)

आपल्याला खांबापाशी उभे करण्याचा हेतू नव्हता. उलट आपला पहिला प्रश्न हा व्याख्येतल्या संशयाचा नमुना आहे, कारण त्याचा निर्णय कशाने होईल हे त्यातच सांगितलेले आहे. नेमका हाच प्रश्न घेऊन बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्यूलर यांनी तापमानाच्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या. ते तापमानाच्या नोंदींवर जाहीर टीका करणारे होते आणि त्यांच्या प्रकल्पाला हवामानविज्ञानाला विरोध करणाऱ्यांना पैसा पुरवणाऱ्या, उद्योगपती चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानाचीही देणगी होती. ग्रामीण केंद्रे वेगळी काढून पाहिली तरी जमिनीवरची तापमानवाढ तशीच राहिली, आणि २०१२ मध्ये म्यूलर यांनी आपण मत बदलले असून या वाढीला जवळजवळ पूर्णपणे माणूस कारणीभूत आहे, असे जाहीर केले. ‘स्केप्टिक’ या शब्दाला शोभेल असा माणूस शोधायचा तर मी त्यांच्याकडे बोट दाखवीन. समुद्रही तापतो आहे, आणि समुद्रात शहरे नाहीत.

‘एकमता’विषयी मात्र मी आपल्याशी सहमत आहे. तो आकडा मतदानाचा नसून २०१३ च्या एका पाहणीचा आहे. कारणाविषयी काही भूमिका घेणाऱ्या शोधनिबंधांच्या सारांशांपैकी ९७ टक्क्यांनी माणसाचा वाटा मान्य केला होता. तेथे ‘मत’ हा घटक असलेला शब्दच नको. ‘पुराव्यांची एकवाक्यता’ कसे वाटते? मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांचा, शब्द आहे आणि त्यात हात वर करणे नाही.

प्रतिसाद ४

दोन छोट्या सूचना. ‘मानवनिर्मित हवामानबदल’ ऐवजी ‘मानवजन्य’ लिहावे. निर्मितीत हेतू असतो. धरण मानवनिर्मित, धूर मानवजन्य. शिवाय ‘निर्मित’ म्हटले की ‘हे सगळे रचलेलेच आहे’ असे ऐकण्यास कान तयारच असतात. ‘हरितगृह वायू’ यातला ‘हरितगृह’ही फसवा शब्द आहे. काचेचे घर मुख्यतः उबदार हवा बाहेर जाऊ न दिल्यामुळे तापते, वायू मात्र उष्णतेचे किरण शोषून तापवतात, आणि या विसंगतीवर बोट ठेवून काही जण सगळे विज्ञानच मोडीत काढू पाहतात. नाव चुकले म्हणून जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत मोजलेले वायूंचे शोषण खोटे ठरत नाही. तरी हा शब्द आता बदलता येईल, असे मला वाटत नाही.

धागाप्रवर्तक

सर्वांचा आभारी आहे. ‘वैतंडिक’ मला मनापासून आवडला, पण मासिकाच्या वाचकाला तो शिवीसारखा ऐकू येईल आणि त्याच्या काटेकोर व्याख्येवर पाणी पडेल, म्हणून ‘स्केप्टिक’साठी ‘संशयवादी’ आणि ‘डिनायर’साठी ‘विज्ञान नाकारणारे’ असे साधे रूप घेतो आहे. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत ‘संशयवाद’ रुळलेला असल्याने त्यातून संशयी नवरा डोकावत नाही.

या चर्चेमुळे लेख पुन्हा वाचला तेव्हा आणखी एक चूक हाती लागली. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरसरकारी समितीच्या भाषेत शक्यतादर्शक शब्दांनाही मापे आहेत. अलीकडची तापमानवाढ बव्हंशी माणसामुळे झाली, या विधानाला २००१ च्या अहवालाने निदान ६६ टक्के संभाव्यतेचा शब्द लावला, २००७ च्या अहवालाने ९० टक्क्यांहून अधिकचा आणि २०१३ च्या अहवालाने ९५ टक्क्यांहून अधिकचा. अनुवादकाने तिन्ही ठिकाणी ‘शक्यता आहे’ असे लिहिल्यामुळे बारा वर्षांत पुरावा तसूभरही वाढला नाही, असे मराठी वाचकाला वाटले असते. मी तेथे अनुक्रमे ‘संभवनीय’, ‘दाट शक्यता’ आणि ‘जवळजवळ निश्चित’ असे करून कंसात टक्के दिले आहेत. तिसऱ्याविषयी अजून समाधान नाही, कारण समितीच्या मोजपट्टीत त्याच्याही वरची, ९९ टक्क्यांची पायरी शिल्लक आहे.

२०२१ च्या अहवालात मानवी प्रभावासाठी आलेल्या विशेषणाला अनुवादात ‘निर्विवाद’ म्हटले आहे. वाद तर चालूच आहे, येथेही झाला. तेवढा शब्द बदलून मी ‘निःसंदिग्ध’ केला आहे.