मदत हवी आहे: कॅसिनोच्या जुन्या चिप्सचा रास्त भाव कसा ठरवायचा?

मंडळी, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. शेजारच्या आजोबांना अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंच्या चिप्स (जुगारात पैशांऐवजी वापरतात त्या चकत्या) जमवायचा भारी नाद. ते गेले आणि आजींनी अल्बम विकायचं काम माझ्यावर सोपवलंय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

1978 साली उघडलेल्या 'रिसॉर्ट्स' कॅसिनोच्या चिप्स आहेत, 2006 मध्ये बंद झालेल्या सँड्सच्या आहेत, 2014 मध्ये बंद पडलेल्या ट्रम्प प्लाझाच्याही. बहुतेक लाल, म्हणजे 5 डॉलरच्या; 25 च्या हिरव्या थोड्याच. एका डीलरने अल्बम नुसते चाळून सगळ्यांचा मिळून एक आकडा सांगितला, वर 'आजच ठरवा' म्हणाला. डीलरला नफा हवाच, त्याचंही पोट आहे. पण कोणत्या चिपचे किती धरले, हे सांगायला काय हरकत होती?

ईबेवर मागितलेली किंमत बघायची की प्रत्यक्ष विकली गेलेली? कडा झिजलेल्या चिपचा भाव कितीने उतरतो? एकगठ्ठा विक्रीत डीलरने किती मार्जिन ठेवणं रास्त मानतात?

आणखी एक. आजोबा जादाच्या चिप्स विकत नसत, अदलाबदल करत. नवख्यांना तर फुकट देत. त्यामुळे निवडक चिप्स त्यांच्या संग्राहक मित्रांना आधी विचाराव्यात, असं आजींच्या मनात आहे. कॅसिनो कलेक्टिबल्स असोसिएशन या संग्राहकांच्या संघटनेचं कुणी सभासद आहे का इथे? तिथले जुनेजाणते लोक नि:स्वार्थपणे अल्बम बघून देतील का? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा. तोवर डीलरला मी थोपवून धरलंय.