‘डिस्क्लोजर’ला प्रकटीकरण म्हणावं का?

दादरकर: सोसायटीच्या पुनर्विकासाच्या फायलीसाठी मराठी टिपण लिहितोय. बांधकामाची परवानगी नाकारली किंवा जाचक अटी घातल्या, तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा 1966च्या कलम 47खाली, आदेश कळल्यापासून 40 दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. इथवर जमलं. पुढे वकिलांनी ‘दोन्ही बाजूंचं डिस्क्लोजर’ लिहिलंय. मी ‘प्रकटीकरण’ केलं, तर खजिनदार काका म्हणाले, “अरे, देव प्रकट होतो. नकाशा कसा प्रकट होईल?”

मुलुंडची अनुवादक: काकांना माझा पाठिंबा! माहिती अधिकार कायद्यात (2005, कलम 4) कार्यालयाने स्वतःहून माहिती जाहीर करायची असते, ती सगळ्या जगासाठी. तिथे ‘प्रकटीकरण’ चालून जातं. तुमच्याकडे कागद फक्त समोरच्या पक्षाला द्यायचेत. ‘उघड करणे’ तर नकोच, त्याला भानगडीचा वास येतो. सरळ लिहा: ‘ज्या कागदांवर भिस्त आहे, त्यांच्या प्रती सुनावणीआधी एकमेकांना द्याव्यात.’ लांबतं, पण कळतं.

दादरकर: आणि एव्हिडन्स? ‘पुरावा’ की ‘साक्ष’?

निवृत्त कारकून, परळ: पुरावा. साक्ष म्हटलं की डोळ्यांपुढे पिंजरा येतो. 1 जुलै 2024पासूनच्या पुराव्याबद्दलच्या केंद्रीय कायद्याच्या नावात ‘साक्ष्य’ आहे आणि त्यात कागदही येतात, पण बोलीत तो अर्थ अजून मुरलेला नाही.

खरा घोळ ‘पुरावा’ आणि ‘दाखला’ यांत आहे. मुंबईत जुनं निवासी बांधकाम चालवून घ्यायचं तर ते 17 एप्रिल 1964च्या आधीचं असावं लागतं. लोक असेसमेंटचा (घरपट्टीच्या आकारणीचा) उतारा आणतात, पिवळं पडलेलं विजेचं बिल आणतात आणि म्हणतात, “घ्या पुरावा.” बिल हा नुसता दाखला, त्यावरून त्या जागी वीज होती एवढं कळतं. पोटमाळा तेव्हाच होता की मागाहून चढला, हे बिलाला काय ठाऊक? म्हणून आमचे साहेब म्हणायचे, कागद ‘हजर’ होतो, मुद्दा ‘शाबीत’ होतो. तुमच्या टिपणातही ही दोन क्रियापदं वेगळी ठेवा.

गिरगावकर: थोडं विषयांतर. आमच्या चाळीचा आयओडी (बांधकामाच्या प्रस्तावावर महापालिका देते ते पत्र, ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’) आला, तेव्हा कोणीतरी पूर्ण नाव मराठीत वाचून दाखवलं, ‘नापसंतीची सूचना’. आजीने हाय खाल्ली. 1888च्या महापालिका कायद्यातल्या कलम 346ची ही करामत: या अटी पुऱ्या होईपर्यंत नापसंत, म्हणजे व्यवहारात जवळजवळ मंजूरच. याला मराठी शब्द शोधूच नका, ‘आयओडी’च राहू द्या.

मुलुंडची अनुवादक: दादरकर, अजून एक. अपील करणारा तो ‘अपिलार्थी’. शेजारच्या इमारतीचा उजेड अडतो म्हणून भांडणारा ‘हरकतदार’. कलम 47 फक्त परवानगी मागणाऱ्या अर्जदाराला दाद देतं, त्यामुळे हे शब्द अदलाबदल केलेत तर अर्थच फिरेल.

दादरकर: बरं झालं सांगितलंत, मी दोघांनाही ‘तक्रारदार’ करून ठेवलं होतं. आता वाक्य असं: ‘अपिलार्थी व महापालिका यांनी आपापल्या कागदांच्या प्रती सुनावणीआधी एकमेकांना द्याव्यात.’ काकांनी मान डोलावली. फक्त ‘अपील केली’ की ‘केलं’, यावर अडून बसलेत.

निवृत्त कारकून, परळ: केलं. अर्ज तो, नोटीस ती, अपील ते.