ट्यूबवाला टायर घरी बदलावा का दुकानात?

दारव्हा: स्प्लेंडरचा मागचा टायर घरीच चढवता येते का भाऊ?

मोर्शी: येते. वॉलमधली (हवा भरायच्या नळीतली) पिन काढून हवा पूर्ण सोडा. टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात पायानं दाबून ठेवा, मगच टामी (टायर चढवायची लोखंडी पट्टी) लावा. कड वर राहिली की जोर लागते अन् टामीखाली नवी ट्यूब चिमटते. ट्यूबला गोल आकार येईल इतकीच हवा भरा, कडेला साबणपाणी, अन् कड चढवायचा शेवट वॉलपाशी करा. रिमपट्टी (रिमवर ट्यूबखाली बसते ती पट्टी) फाटली असंल तर बदलाच, नाहीतर आऱ्याचं टोक ट्यूबमध्ये घुसते. टायरवरच्या बाणाची दिशा चाक फिरते तिकडंच ठेवा.

वणी: बॅलन्ससाठी सुटं चाक अ‍ॅक्सलवर हलकं फिरवा. जड बाजू खाली थांबते. बरोबर वर 5-5 ग्रॅम वजन लावत जा. ट्यूबलेस मात्र दुकानातच न्या. कड बसायला कॉम्प्रेसरची झटक्याची हवा लागते, हातपंपानं सहसा होत नाही.