मदत हवी आहे: परमिट रूमचा परवाना ३० दिवस निलंबित. अपील करायचं की थेट उच्च न्यायालयात रिट याचिका?

एफएल-३ (परमिट रूममध्ये विदेशी मद्य विकण्याचा) परवाना आहे. तपासणीत नोंदवहीतला साठा आणि प्रत्यक्ष बाटल्या जुळल्या नाहीत. कारणे दाखवा नोटिशीला ‘आरोप मान्य नाहीत’ एवढंच उत्तर गेलं. आता जिल्हाधिकाऱ्यांनी दारूबंदी अधिनियमाच्या कलम ५४ खाली निलंबन केलंय. काउंटरवरचा माणूस नोकरनाम्यात (परवानाधारकाच्या अधिकृत नोकरांच्या नोंदीत) नव्हता, हेही आदेशात धरलंय. वकील थेट उच्च न्यायालयात चला म्हणतात. अपिलाचा रस्ता कसा असतो? तोवर विक्री चालू ठेवता येते का?

प्रतिसाद १

विक्री अजिबात नको. निलंबनाच्या काळात बाटली विकली की विनापरवाना विक्रीचा गुन्हा अंगावर येतो आणि मग प्रकरण परवाना रद्द होण्याकडे सरकतं.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम १३७ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील होतं, मुदत ९० दिवस. पण या ९० दिवसांवर विसंबू नका. निलंबनच ३० दिवसांचं आहे, महिन्याने अपील लावलं तर वाचवायला काही उरत नाही. प्रमाणित प्रतीचा अर्ज आजच टाका, दोन-तीन दिवसांत अपील दाखल करा. नुसत्या अपिलाने आदेश थांबत नाही. स्थगितीचा स्वतंत्र अर्ज त्याच दिवशी द्या आणि त्यात निलंबन कोणत्या तारखेला संपतं ते ठळक लिहा. सोबत नोटीस, उत्तर, पंचनामा, परवाना, शुल्काचं चलन.

साठ्याचा हिशोब मात्र नीट बसून करा, खरी लढाई तिथेच आहे. आरंभीची शिल्लक, त्यात टीपीवर (वाहतूक पासवर) आलेला माल, वजा विक्री. फरक बहुधा दोन ठिकाणी निघतो. एक, त्या दिवसाची विक्री रात्री लिहायची म्हणून तपासणीच्या वेळी चढलेली नसते. दुसरं, सील फोडलेल्या बाटल्या. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग. १० पेग गेलेली बाटली पंचनाम्यात पूर्ण धरली किंवा सोडूनच दिली, तर आकडा चुकणारच. ब्रँडनिहाय तक्ता करून अपिलाला जोडा. ‘नजरचुकीने झालं’ असं मोघम लिहू नका, ती कबुली ठरते.

प्रतिसाद २

रिटबद्दल. अपिलाची सोय असताना उच्च न्यायालय सहसा आधी तिकडेच पाठवतं. अपवाद सर्वोच्च न्यायालयाच्या व्हर्लपूल निकालात (१९९८) आहेत: नैसर्गिक न्याय डावलला (म्हणजे बाजू मांडायची संधीच दिली नाही), अधिकार नसताना आदेश काढला, मूलभूत हक्कावर घाला आला किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान असलं तर. दारूचा धंदा हा मूलभूत हक्क आहे हा मुद्दा घेऊ नका; खोडे डिस्टिलरीज निकालाने (१९९५) तो दरवाजा बंद केलाय. भर कार्यपद्धतीवर द्या.

कलम ५४ मध्ये कारणं लेखी नोंदवणं बंधनकारक आहे. ‘खुलासा समाधानकारक नाही’ एवढंच वाक्य असेल तर तो आदेश कच्चा. राहून गेलेली कारणं नंतर शपथपत्रात घालून आदेश सावरता येत नाही, हे मोहिंदर सिंग गिल निकालात (१९७८) ठरलंय.

‘नोकराने केलं, मालकाला ठाऊक नव्हतं’ हा बचाव चालत नाही. नोकराने अटी मोडल्या तरी याच कलमाखाली कारवाई होते.

कलम १०४ खाली निलंबनाऐवजी रक्कम भरून तडजोडही होऊ शकते. धंदा लवकर सुरू होतो, पण पुढच्या तपासणीत हीच नोंद पुढे येते. हिशोब जुळत असेल तर मी तरी तडजोड सुचवणार नाही.

धागाकर्ता

नोटीस पुन्हा वाचली. त्यात फक्त साठ्याचा आरोप आहे. नोकरनाम्याचा उल्लेख थेट आदेशातच आलाय.

प्रतिसाद २

मग अपिलाचा पहिला मुद्दा हाच. ज्या आरोपाची नोटीसच नाही त्यावर शिक्षा देता येत नाही. नोटिशीतला परिच्छेद आणि आदेशातला परिच्छेद एकाखाली एक उतरवा. एकत्रित आदेशात ३० पैकी किती दिवस कोणत्या आरोपाचे ते वेगळं करता येत नाही, म्हणून संपूर्ण आदेशाला स्थगिती मागा.